गोळी कोठे सुटते?



चिंतेच्या विकाराचा रोगी औषध मध्येच का सोडतो आणि ते सुटू नये म्हणून परिचारिकेला काय शिकवावे, एवढाच माझा आजचा विषय आहे.

समजा, रिसोडकडील खेड्यातली एक बाई छातीत धडधडते, झोप लागत नाही, म्हणून वाशीमला सरकारी दवाखान्यात आली. डॉक्टरांनी सर्ट्रालिनसारखी गोळी दिली. हिचा गुण दिसू लागावयास 2 ते 6 आठवडे लागतात. मळमळ व अस्वस्थता मात्र पहिल्याच आठवड्यात येऊ शकते. त्रास आधी, गुण मागाहून! जिला धडधडीतच मृत्यू दिसतो, ती घाबरून गोळी टाकणारच. त्यात शेजारीण म्हणते, ‘वेड्याचं औषध कायले घेतं?’ आणि पुन्हा दवाखान्यात यावे तर दिवसाची मजुरी बुडते. गोळी सुटते ती येथे.

‘गोळ्या घेता ना?’ असे दरडावून विचारले, की रोगी ‘हो’ म्हणून मोकळा होतो. शिकलेली परिचारिका विचारील, ‘काकू, एखादी गोळी सगळ्यांचीच राहते. या आठवड्यात तुमची किती वेळा राहिली?’ या प्रश्नात दोष नाही, म्हणून उत्तर खरे येते. मळमळ होईल, हे ती आधीच सांगील आणि काय समजले ते काकूंच्याच तोंडून वदवून घेईल. पहिल्या आठवड्यातच विचारपूस करील. बरे वाटले तरी डॉक्टरांना विचारल्यावाचून औषध एकदम बंद करू नये, आणि लवकर आराम पडतो म्हणून अल्प्राझोलाम मनाने घेऊ नये, कारण त्याची सवय जडते, हेही बजावील. जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार बोलण्यात आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठील.

हे केवळ मनोराज्य नव्हे. गोव्यातील ‘मानस’ या प्रयोगात प्रशिक्षित समुपदेशक स्त्रिया नेमल्या होत्या. त्या ना डॉक्टर होत्या, ना परिचारिका. रोग्याला आजार समजावणे व उपचारात टिकवून धरणे हे त्यांचे काम. औषध देणारे डॉक्टर आणि देखरेख करणारे तज्ज्ञ त्यांच्या पाठीशी होते. नैराश्य व चिंतेने ग्रासलेल्यांपैकी सरकारी केंद्रांत सहा महिन्यांनी सुमारे 66 टक्के बरे झाले. नेहमीच्या उपचाराने 43 टक्क्यांच्या आतच. ही माहिती 2010 साली प्रसिद्ध झाली.

मग आपल्या सहा तालुक्यांतील परिचारिकांना हे का साधू नये? त्यांना शिकवा, आणि रोग्याजवळ बसावयास दहा मिनिटे द्या. औषध बाटलीत आहे. ते पोटात जाते ते विश्वासाने.