मैदान : शाळेचा एक वर्ग
(संस्थेच्या वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)





संमेलनात निकालाचे आकडे वाचले जातात, गुणवंतांचा सत्कार होतो. ते योग्यच आहे. मी मात्र आज शाळेच्या पाठीमागच्या मोकळ्या जागेविषयी बोलणार आहे. त्या जागेवर गाळे बांधून ते भाड्याने द्यावेत, अशी सूचना काही सभासदांनी मांडली आहे. त्यांची नियत चांगली आहे, याबद्दल मला शंका नाही. संस्थेला पैसा लागतो आणि तो आकाशातून पडत नाही. म्हणून मी या सूचनेचे उत्तर रागाने न देता हिशेबानेच देऊ इच्छितो.

मुलांच्या शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याने शाळेच्या निकषांमध्ये खेळाचे मैदान धरले आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालाने अल्पसंख्याक संस्थांना त्या कायद्याबाहेर ठेवले. पण ती सूट संस्थेला मिळाली. मुलांच्या हाडांना आणि छातीला कोणी सूट दिलेली नाही. पाच ते सतरा वर्षांच्या मुलाला दररोज सरासरी साठ मिनिटे तरी अंग मोडून हालचाल हवी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. दोन खोल्यांच्या घरात आणि मोटारसायकलींनी भरलेल्या गल्लीत ही साठ मिनिटे कोठून आणावयाची? मग मुले मोबाईल घेऊन बसतात आणि आपण त्यांनाच दोष देतो.

काही बुजुर्गांना वाटते की खेळ म्हणजे वेळेचा अपव्यय. त्यांना मी अदबीने आठवण देतो. हजरत मुहम्मद (स.अ.) यांनी हजरत आयेशा (र.) यांच्याबरोबर धावण्याची शर्यत लावल्याचे हदीसमध्ये आले आहे. हबशी लोक मशिदीत भाल्यांचे खेळ करीत होते, तेव्हा आपल्या आडोशाला उभे करून त्यांनी हजरत आयेशांना ते पाहू दिले, हेही आले आहे. आपल्या मुलींना मैदानाची वाट बंद करताना हे दोन प्रसंग आपण विसरतो.

आता जवळचे उदाहरण पाहा. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आपणा सर्वांस ठाऊक आहे. १९१४ साली वैद्य बंधूंनी, अंबादासपंत आणि अनंत यांनी, ते सुरू केले. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी या मंडळाच्या पथकाने तेथे कबड्डीसारख्या आपल्या मातीतल्या खेळांची प्रात्यक्षिके दाखविली. पुढे त्याच आवारात शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय उभे राहिले. आणि ज्या कबड्डीला आपण गल्लीतला खेळ समजतो, ती १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत पदकाचा खेळ झाली. २०१० साली ग्वांगझूला मुलींच्या कबड्डीलाही ते स्थान मिळाले आणि सुवर्णपदक भारताच्या मुलींनी आणले. वऱ्हाडातल्या एका तालमीचे काम इतक्या दूर पोहोचले, ते ती तालीम वर्षानुवर्षे रोज उघडली म्हणून.

आपल्या समाजातलेही उदाहरण आहे. मुंबईत १८७४ साली अंजुमन-ए-इस्लाम ही शिक्षणसंस्था उभी करणाऱ्यांत बद्रुद्दीन तय्यबजी होते. त्याच तय्यबजींनी पुढे इस्लाम जिमखान्यासाठी खटपट केली. ज्यांनी शाळा काढली त्यांनाच मैदानाचीही गरज वाटली, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

तुम्ही म्हणाल, आपली जागा लहान आहे. जरा मोजून पाहू. खो-खोचे मैदान २७ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद असते. मुलींच्या कबड्डीला १२ मीटर बाय ८ मीटर पुरते. आपल्या मागच्या जागेत ही दोन्ही बसतात, आणि कडेला आयांना बसण्यापुरती सावलीही राहते. अडचण जागेची नसून ती चालविण्याची आहे. झोपाळा आणि घसरगुंडी एका दिवसात बसते, नंतर साखळी तुटते, कुलूप हरवते, कोपऱ्यात कचरा साठतो आणि सहा महिन्यांत लोक म्हणू लागतात, “येथे कोणी येतच नाही, गाळे बांधा.”

म्हणून चालविण्याचे चार मुद्दे सांगतो.

पहिला मुद्दा जमिनीचा. आपली काळी माती पावसाळ्यात पायाला चिकटते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तीवर मुरूम टाकून, पाणी मारून, दाबून घ्यावा लागेल. पश्चिमेच्या बाजूला कडुनिंब लावावेत, म्हणजे मोठे झाल्यावर संध्याकाळी सावली मैदानावर पडेल.

दुसरा मुद्दा वेळेचा. अकोला-अमरावतीच्या उन्हात दुपारी मैदान उघडून उपयोग नाही. फजरनंतरचा एक तास माता-भगिनींना फिरण्यासाठी ठेवावा. शाळा सुटल्याबरोबरचा तास मुलींचा असावा. सातवीनंतर मुली मैदानावर दिसत नाहीत, याचे कारण आपण रिवाजात शोधतो. पण त्यांना विचारून पाहा. एकदा घरी गेल्यावर पुन्हा निघू देत नाहीत, संध्याकाळी अंधार असतो, मुलांची गर्दी असते, आणि जवळ स्वच्छतागृह नसते. यातील प्रत्येक गोष्ट वेळापत्रकाने, एका दिव्याने आणि एका कुलपाने सुटणारी आहे. असरनंतरचा वेळ मुलांचा. जी मुले दिवसभर गॅरेजवर किंवा दुकानात काम करतात, त्यांच्यासाठी रात्री एक तास दिवा चालू ठेवावा. रमजानमध्ये हे वेळापत्रक बदलून घ्यावे.

तिसरा मुद्दा शिस्तीचा. क्रिकेटमध्ये दोघे फलंदाजी करतात आणि बाकीचे उन्हात उभे राहतात. शिवाय त्याला सारे मैदान लागते. क्रिकेटला रविवार द्यावा, एरवी खो-खो, कबड्डी, लंगडी, दोरीच्या उड्या. संघ मोहल्ल्यावार पाडू नयेत. सर्व मोहल्ल्यांची मुले मिसळावीत, म्हणजे खेळातले भांडण घरापर्यंत जाणार नाही. शेजारच्या वस्तीतील हिंदू, बौद्ध मुलांनाही दार उघडे असावे. एकत्र धावलेली मुले मोठेपणी एकमेकांना नावाने ओळखतात, आणि शहरात कठीण दिवस आले तर ही ओळख फार मोलाची ठरते.

चौथा मुद्दा माणसांचा. पाच जणांची समिती असावी. तीत दोन माता आणि एक विद्यार्थी हवेच. किल्ली एकाच्या हाती, हिशेब फळ्यावर. समजा, दोनशे कुटुंबांनी महिन्याला दहा रुपये दिले, तर वर्षाचे चोवीस हजार होतात. झाडू, पाणी, दिवा आणि दोऱ्या यांचा खर्च त्यात बराचसा भागेल.

येथे अकोल्याच्या मोर्णा नदीची आठवण करून देतो. १३ जानेवारी २०१८ रोजी सहा हजारांहून अधिक अकोलेकर आणि शंभराहून अधिक संस्था नदी साफ करण्यास उतरल्या. चार किलोमीटरचा काठ घेऊन चौदा ठिकाणे ठरविली आणि दर शनिवारी सकाळी काम करावयाचे असा निश्चय झाला. मला त्यातली दोन कलमे आवडली : ठरलेली जागा आणि ठरलेला वार. मैदानालाही तेच लागते.

पालकहो, आणखी एक दार आपण ठोठावत नाही. उद्याने आणि क्रीडांगणे ही सोय १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने शहरी स्थानिक संस्थांच्या विषयांत घातली आहे. शहराच्या विकास योजनेत मैदानासाठी जागा राखून ठेवलेल्या असतात. पण १९६६ च्या नगररचना कायद्यानुसार अशी खाजगी जागा दहा वर्षांत ताब्यात घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो आणि ठरलेल्या मुदतीत कार्यवाही न झाल्यास आरक्षण रद्द होते. म्हणजे नकाशातले मैदान आपण झोपेत असतानाच नाहीसे होऊ शकते. दहावीच्या विद्यार्थ्यांनो, नगररचना विभागात जाऊन आपल्या वस्तीचा नकाशा पाहून या. नागरिकशास्त्राचा याहून चांगला धडा मी देऊ शकणार नाही.

शेवटी माझी विनंती एवढीच आहे. गाळ्यांचा ठराव एक वर्ष पुढे ढकलावा. या वर्षात मैदान वरीलप्रमाणे चालवावे आणि दारावर एक वही ठेवावी. रोज किती मुले आली, किती मुली आल्या, किती माता आल्या, एवढेच तीत लिहावे. पुढच्या संमेलनात निकालाच्या आकड्यांबरोबर त्या वहीतले आकडेही वाचले जावेत. वही कोरी राहिली, तर गाळ्यांच्या बाजूने पहिला हात मी वर करीन. पण ती भरली, तर ज्यांनी ही सूचना मांडली त्यांनीच मैदानाच्या दाराची किल्ली सांभाळावी.

आता निर्णय तुमच्या हाती आहे.

खुदा हाफिज. जय हिंद.