म्हातारचळ नव्हे, आजार
(टेंभी नाका येथे साक्षरता वर्गापुढे केलेले भाषण)



'साठी बुद्धी नाठी' असे आपण हसत हसत म्हणतो. मीही म्हणत असे. आता म्हणत नाही. का, ते आज सांगतो.

माझे थोरले भाऊ अण्णा. त्यांचा सारा जन्म या टेंभी नाक्यावर गेला. एका नवरात्रात ते देवीच्या दर्शनाला गेले, ते परत आलेच नाहीत. रात्री अकरा वाजता सापडले. घरापासून शंभर पावलांवर एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले होते. मला म्हणाले, "भाऊसाहेब, जरा आमचं घर दाखवता का?" सख्ख्या भावाला त्यांनी ओळखले नाही.

त्याआधी वर्षभर आम्ही त्यांच्यावर चिडत होतो. जेवून हात धुतले की म्हणायचे, "मला कुणी वाढलंच नाही." वहिनी रडायच्या. शेजारी म्हणाले, बाहेरचं काहीतरी असेल, उतारा टाका. मी हेडमास्तर, तरी तोही टाकला! शेवटी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आजाराचे नाव सांगितले, अल्झायमर.

हे एका जर्मन डॉक्टरांचे नाव. १९०१ साली त्यांच्यापुढे ५१ वर्षांची एक बाई आली. तिला स्वतःचे नावसुद्धा पुरते लिहिता येईना. १९०६ साली ती वारली. डॉक्टरांनी तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. पेशींच्या बाहेर बारीक गोळे साचले होते. पेशींच्या आत धाग्यांचा गुंता झाला होता. म्हणजे हे भूत नव्हते, ढोंग नव्हते. मेंदूच झिजला होता.

ते गोळे कशाचे? १९८४ साली अमेरिकेत त्याचा उलगडा झाला. ते एका अगदी लहान प्रथिनाचे असतात. चाळीस-बेचाळीस मण्यांची माळ समजा. ती तुमच्या-माझ्या मेंदूतही तयार होते आणि झाडून काढलीही जाते. पण या आजारात माळा एकमेकींना चिकटतात. दूध नासले की गुठळ्या होतात ना, तसेच.

या कामाला आपल्या मुंबईतही माणसे लागली. कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. डॉ. होमी भाभा यांनी ती १९४५ साली स्थापन केली. तेथे प्राध्यापक सुदीप्त मैती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच माळांचा अभ्यास केला. मोठ्या गोळ्यांआधी लहान लहान पुंजके बनतात. तेच पेशींना जास्त घातक असावेत, असे पुष्कळ शास्त्रज्ञांना वाटते. ते पुंजके कोणत्या आकाराचे असतात, पेशीच्या पापुद्र्याला कसे चिकटतात, हे या मंडळींनी प्रकाशाच्या साहाय्याने तपासले. चोर कसा शिरतो हे कळले, तरच दाराला कडी कुठे लावायची ते कळेल.

अजून हा आजार बरा करणारे औषध नाही. २०२३ साली अमेरिकेत एका नव्या औषधाला पूर्ण मान्यता मिळाली. ते गोळे कमी करते. आजार सुरुवातीचा असेल तर त्याची चाल थोडी मंदावते, एवढेच.

मग आपण काय करावे? पहिले, डॉक्टरांकडे लवकर जावे. प्रत्येक विसराळूपणा हा आजार नसतो. थायरॉईड बिघडला किंवा बी-१२ जीवनसत्त्व कमी पडले, तरी माणूस विसरतो आणि त्याला उपचार आहे. दुसरे, रागावू नये. अण्णा मुद्दाम विसरत नव्हते. मी त्यांच्यावर ओरडलो, ते मला आजही सलते.

तिसरे काम तर तुमच्याच हातचे आहे. तुम्ही आता लिहायला शिकलात. घरात असे कुणी वडीलधारे असेल, तर एका कागदावर त्यांचे नाव, आपला पत्ता आणि फोन नंबर लिहा. तो कागद त्यांच्या खिशात रोज ठेवा. त्या रात्री अण्णांच्या खिशात अशी एक चिठ्ठी असती, तर कुणीही वाचून त्यांना घरी आणून सोडले असते.