स्वच्छ सुईचें मोल

मनुष्य आधीं निर्व्यसनी होऊं दे, मग त्यास रोगापासून वांचवूं, असें म्हणणें वरवर न्याय्य वाटतें. स्कॉटलंडच्या राजधानीला, एडिंबरो शहराला, हा विचार फार महाग पडला.

१९८० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत त्या शहरांत हेरोइनचा सुळसुळाट झाला. बेकार तरुण तें मादक द्रव्य पिचकारीनें शिरेंत टोचूं लागले. पोलिसांनीं कडक धोरण स्वीकारलें. ज्याच्यापाशीं पिचकारी सांपडे त्याची ती जप्त होई. औषधविक्रेतेहि अशा गिऱ्हाइकास सुई देईनातसे झाले. हेतु वाईट नव्हता. परंतु व्यसन सुटलें नाहीं, सुया तेवढ्या दुर्मिळ झाल्या. आणि एकच पिचकारी अनेकांच्या हातांतून फिरूं लागली.

अनर्थाचें मूळ येथेंच होतें. टोचतांना थोडें रक्त पिचकारींत मागें येतें व सुईच्या पोकळींत राहतें. त्यांत एच. आय. व्ही. चे विषाणु असले तर ते पुढच्याच्या रक्तांत थेट उतरतात.

म्यूरहाउस वस्तींतील डॉ. रॉय रॉबर्टसन यांच्याकडे येणाऱ्या अशा रोग्यांचें, काविळीच्या तपासणीसाठीं घेतलेलें रक्त जपून ठेवलेलें होतें. पुढें एच. आय. व्ही. ची चांचणी निघाली, तेव्हां तें तपासण्यांत आलें. १९८६ सालीं प्रसिद्ध झालेल्या अहवालाप्रमाणें १६४ जणांपैकीं ५१ टक्क्यांस लागण झालेली होती. १९८३ च्या अखेरीस शिरलेल्या रोगानें दोनएक वर्षांत निम्मे लोक गांठले होते! शेजारच्या ग्लासगोंत व्यसनी पुष्कळ असूनहि त्या वेळीं हें प्रमाण फारच कमी होतें.

तेव्हां धोरण पालटलें. १९८७ पासून वापरलेली सुई घेऊन नवी देण्याची सोय झाली. पुढें हेरोइनच्या जागीं तोंडानें घ्यावयाचें मेथाडोन हें औषध डॉक्टर देऊं लागले, आणि नव्या लागणीचा जोर ओसरला. सुई दिल्यानें व्यसनास उत्तेजन मिळेल, ही शंका स्वाभाविक आहे. पण सुईसाठीं येणारा मनुष्य चोरवाट सोडून उपचाराच्या दाराशीं येतो, हें विसरतां कामा नये.

हा धडा परक्यांपुरताच नाहीं. १९९० च्या सुमारास आपल्या मणिपुरांतहि सुईवाटें हा रोग असाच झपाट्यानें पसरला. २०१७ च्या भारतीय कायद्यानें तर, नोंदलेल्या केंद्रांत सुई बदलून देणारा व घेणारा, या दोघांसहि त्या कृत्याबद्दल दोषी धरूं नये, असें उदाहरण देऊन स्पष्ट केलें आहे.

व्यसन सुटण्यास वर्षें लागतात. लागण होण्यास एक सुई पुरते. ज्याला उद्यां सुधारावयाचें, तो आज वांचला पाहिजे. त्याच्यामागें त्याची पत्नी असते, आणि कदाचित् अजून न जन्मलेलें मूलहि असतें.