एका अक्षराचा फरक



माझे एम.एस्सी.चे विद्यार्थी काय करतात, हे सांगायला मला दहा मिनिटं मिळाली आहेत. त्यातली बरीचशी मी एकाच प्रश्नाला देणार आहे.

बाळ उशिरा बोलू लागलं, स्वमग्न निघालं, की आपल्याकडे आईला विचारतात, "ग्रहण पाळलं नव्हतंस का?" त्याचं खरं उत्तर आम्ही संगणकावर शोधतो. आई, वडील आणि मूल, तिघांची जनुकं वाचायची. मुलात जे नवं दिसेल ते बाजूला काढायचं. असे ६०-७० नवे बदल तुमच्या-माझ्यातही असतात आणि बहुतेक निरुपद्रवी असतात. एखादा मात्र नेमका नको तिथे पडतो. रेट सिंड्रोममध्ये मुलगी शिकलेले शब्द विसरते, सतत हात चोळत राहते. व्हिएन्नाच्या आंद्रेआस रेट यांनी १९६६ मध्ये हे नोंदवलं; कारण असलेलं जनुक ह्यूस्टनला हुदा झोग्बी यांच्या प्रयोगशाळेत १९९९ मध्ये सापडलं. तो बदल बहुधा वडिलांच्या शुक्रपेशीत नव्याने घडतो. (आता वडिलांना धारेवर धरू नका! मजकूर उतरवताना पेशीकडून एखादं अक्षर चुकतं, इतकंच.)

पुढचं काम कंटाळवाणं आहे, पण खरी कसोटी तिथेच. हजारो फरकांची यादी असते. ती जगभरच्या लोकांच्या माहितीशी ताडून पाहायची. 'नोमॅड' हा त्यासाठीचा मोठा, खुला साठा. पण त्यात युरोपीय वंशाची माणसं फार. तिथे दुर्मिळ वाटणारा बदल आपल्याकडे कित्येक घरांत सुखाने नांदत असतो. माझ्या एका विद्यार्थिनीने असाच एक 'संशयित' बदल १०२९ भारतीयांच्या 'इंडिजीनोम्स' साठ्यात तपासला. तो बऱ्याच धडधाकट माणसांत निघाला. यादीतून तो खोडला गेला. त्या घरात दुसऱ्या बाळाचा विचार त्याच एका ओळीपाशी अडला होता. पहिल्या मुलाच्या आजाराचं कारण अजून सापडलेलं नाही, हेही त्यांना तितकंच स्पष्ट सांगावं लागलं.

याला प्रयोगशाळा लागत नाही. साधा लॅपटॉप, थोडं पायथन आणि भरपूर चिकाटी पुरते. अकरावी-बारावीच्या मुलांनाही खुल्या साठ्यांवर हात बसवता येईल. शाळेची संगणक खोली रविवारी दोन तास मिळाली, तर मे महिन्यात सुरुवात करू. मुख्याध्यापकबाईंच्या कानावर घातलं आहे; शिकवायला आणखी दोघं हवेत.