हतनूरच्या पाण्यावर बॅटरी की पेट्रोल?



भुसावळजवळचं हतनूर धरण. वरच्या अंगाला, चांगदेवला, तापी-पूर्णेचा संगम.

हिवाळ्यात इथं दूरदेशीचे पक्षी उतरतात.

पक्षी पाहायला निघालेल्या छोट्या होडीला बॅटरीची मोटर बरी. तिचा आवाज अगदी कमी. पाण्यावर तेलाचा तवंग नाही. पक्षी कमी बुजतात.

पण बॅटरी उतरली, की हाती वल्हंच उरतं.

वारा सुटला, पल्ला लांबला, की पेट्रोलचं इंजिन कामी येतं. त्याला जोर जास्त. टाकी भरली, की लगेच पुन्हा निघता येतं.

पुन्हा सांगायचं तर, संथ पाणी, जवळचा पल्ला: बॅटरी. वारा, लांबचा पल्ला: पेट्रोल.

आणि पावसाळ्यात धरणाचे दरवाजे उघडले, की होडी काठालाच बांधून ठेवा.