पेशी पुढे गेली, की केसच गेली?



माझ्या मामांची शाहपूरकडे केळीची शेती आहे. बांधाच्या वादात त्यांनी बुऱ्हाणपूरच्या कोर्टात दावा लावला होता. वकील दोन वर्षं फोनवर एकच सांगायचे, "पेशी पुढे गेली." पेशीचे पैसे मात्र दर वेळी घ्यायचे. दिवाळीत मी ई-कोर्ट्सच्या ॲपवर सोळा अक्षरी सीएनआर नंबर टाकला, तर दावा सात महिन्यांपूर्वीच निकाली निघालेला! आदेशाची नक्कल काढली. त्यात लिहिलं होतं, 'अदम पैरवी में निरस्त'. मामांनी कागद दोनदा वाचला आणि विचारलं, "म्हणजे आपण जिंकलो का रे?"

अदम पैरवी म्हणजे आपल्या बाजूनं कोणी हजरच नव्हतं. आपण घरी मराठी बोलतो, शाळेत हिंदी शिकतो, पण कोर्टाची हिंदी ही तिसरीच भाषा. तिथेच आपल्या लोकांची फसगत होते.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो. केस हरलो म्हणजे वकील वाईट, असं नसतं. चांगला वकीलसुद्धा हरतो. बघायचं ते असं, की तो तारखेला उभा होता का? मुदतीत कागद दाखल केले का? हे कोर्टाच्या आदेशपत्रिकेत लिहिलेलं असतं, आणि वकील फोनवर सांगतो ते तिच्याशी जुळतं का, एवढं तपासायचं. कोऱ्या कागदावर सही मागितली किंवा पैशांची पावती टाळली, तर लगेच सावध व्हा.

असा दावा परत उभा करायला अर्ज करता येतो, पण मुदत 30 दिवसांची. उशीर झाला तर माफीचा वेगळा अर्ज, आणि उशिराचं कारण पटवावं लागतं. वकिलाच्या चुकीची शिक्षा पक्षकाराला नको, असं सुप्रीम कोर्टानं 1981 मध्ये रफीक विरुद्ध मुन्शीलाल या निकालात म्हटलंय. पण त्याच्यावर विसंबून राहू नका. तुम्ही स्वतः काय करत होता, हेही कोर्ट विचारतं.

मामांनी फाईल मागितली, तर उत्तर आलं, "आधी बाकी फी द्या." हे चालत नाही. आपल्याच राज्य सहकारी बँकेच्या वकिलानं 97,100 रुपयांसाठी फायली अडवल्या होत्या. 2000 साली सुप्रीम कोर्टानं तो व्यावसायिक गैरवर्तनाचा प्रकार ठरवला. फी हवी तर वसुलीचा दावा करा, फाईल द्या.

तक्रार जबलपूरच्या राज्य बार कौन्सिलकडे करायची, वकील कायद्याच्या कलम 35 खाली. ग्राहक मंचाचा रस्ता मे 2024 मध्ये बंद झाला. (मला तो निकाल पटलेला नाही, पण ते जाऊ द्या.) नव्या वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींना तिथे उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. फोन 15100.

मामांचा अर्ज अजून चालू आहे. भाषण झाल्यावर मी इथेच बसतोय. ज्यांच्या घरात केस आहे त्यांनी नंबर आणा. नंबर नसेल तर नावावरूनही सापडते.