अंगठ्याने बोलणारी सिस्टर

(मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)



मला बोलावताना सांगितलं होतं, बाहुल्यांबद्दल बोल. मी म्हटलं, बोलते, बाहुलीही आणते, पण तिच्या अंगावर ननचा झगा असेल, चालेल ना? फोनवर थोडा वेळ शांतता. म्हणून आधीच सांगून टाकते, कुणाच्या धर्माची टवाळी करायला मी उभी नाही. ही माझ्या हातातली सिस्टर मेरी अ‍ॅनेट. नाव जरा भरभर म्हणून बघा. मॅरियोनेट! म्हणजे कळसूत्री. नाव कळसूत्रीचं आणि ही मात्र हातबाहुली, एकही दोरा नाही. लेखकाचा विनोद आहे तो, मला पहिले आठ दिवस कळला नव्हता.

नाटकाचं नाव 'ननसेन्स'. डॅन गॉगिन या अमेरिकन लेखकाचं, संगीतही त्याचंच. आधी त्याने ननची चित्रं असलेली भेटकार्डं काढली होती, त्यातून हे वाढलं. १२ डिसेंबर १९८५ ला न्यूयॉर्कच्या चेरी लेन थिएटरमध्ये ते लागलं आणि पुढे थिएटरं बदलत ३,६७२ प्रयोग झाले. हौशी संस्थांनी केलेले प्रयोग तर मोजायलाच नकोत.

गोष्ट ऐका. न्यूजर्सीत होबोकन नावाचं गाव आहे, मॅनहॅटनच्या समोर, नदीच्या अल्याड. तिथल्या मठात सिस्टर ज्युलिया सूप करते, बटाट्याचं थंड सूप. ते खाऊन ५२ नन मरतात. पाचजणींसह काही थोड्या वाचतात, कारण त्या रात्री त्या बाहेर बिंगो खेळायला गेलेल्या असतात. प्रेतं पुरायला पैसे जमवतात, ४८ जणींचं होतं आणि पैसे संपतात. का संपतात? मदर सुपिरियरने मठासाठी व्हीसीआर घेतलेला असतो. उरलेल्या चौघी फ्रीजरमध्ये. आता आरोग्य खात्याचा माणूस यायच्या आत पैसे उभे करायचे, म्हणून पाचजणी शाळेच्या हॉलमध्ये करमणुकीचा कार्यक्रम लावतात. तोच कार्यक्रम म्हणजे नाटक.

हसताय ना? मीही हसले होते. ५२ बायका मेल्यात आणि आपण हसतोय, हे नंतर लक्षात येतं.

या नाटकात पुरुषाची एकही भूमिका नाही. पाच बायका, पाचही गाणाऱ्या, नाचणाऱ्या, आणि बांध्याची, वयाची अट नाही. मदर सुपिरियर चांगली जाडजूड, पोक्त असली तर उलट बरं. एक सिस्टर कायम राखीव नटी म्हणून ठेवलेली, मला एकदा तरी पुढे येऊ द्या म्हणत असते. आमच्या नाट्यसंस्थांतून चाळिशीनंतर बाईला आईची, सासूची आणि मग फोटोतल्या आजीची भूमिका मिळते, हे तुम्हाला सांगायला नको. पुढे १९९८ मध्ये याच नाटकाची सगळ्या पुरुषांनी केलेली आवृत्तीही आली. तेवढंही आमच्याकडे राहू दिलं नाही! पण आपण कोणत्या तोंडाने बोलायचं, आपल्याकडे बालगंधर्व होऊन गेलेत.

आता माझं. नवऱ्याच्या नोकरीमागे मी न्यूजर्सीत गेले. माझ्या व्हिसावर 'एच-४' लिहिलं होतं. त्या काळी या व्हिसावर आलेल्या बायकोला नोकरीची परवानगी नव्हती. २०१५ मध्ये त्यातल्या काहींना ती मिळाली. मुंबईत मी पथनाट्यं केलेली, 'मुलगी झाली हो' बघून वेड लागलेली. बाहुल्या मी नंतर शिकले. आणि तिथे माझं काम काय? दुपारी डिशवॉशर लावणं. म्हणून २०११ साली जवळच्या एका हौशी नाट्यसंस्थेत फुकट काम करायला गेले. फुकट करायला परवानगी लागत नाही, हे बायकांना सगळ्या देशांत ठाऊक असतं. आधी त्यांनी मला झगे शिवायला बसवलं. मग सिस्टर अ‍ॅम्नेशियाचं काम करणारी मुलगी सोडून गेली आणि बाहुली हलवता येणारी मीच होते.

अ‍ॅम्नेशिया म्हणजे विसराळू. तिच्या डोक्यावर क्रूस पडलाय आणि आपण कोण हे ती विसरली आहे. बाहुली तिच्याच हातात. एका गाण्यात ही भोळी, गोड आवाजात गाते आणि बाहुली खरखरीत आवाजात तिला खडसावते. दोन्ही आवाज एकाच बाईचे.

बघा, असं. (बाहुली दाखवते.) नवीन माणूस वरची चार बोटं उचलतो, मग बाहुली प्रत्येक शब्दाला छताकडे बघते. बोटं स्थिर ठेवायची, अंगठा खाली टाकायचा, खालचा जबडा हलला पाहिजे. आणि शब्दाबरोबर तोंड उघडायचं, शब्द संपल्यावर नाही. तीन तास तालीम केली की अंगठ्याच्या मुळाशी असं दुखतं की पोळी लाटता येत नाही. नवऱ्याने त्या दिवसांत लाटायला शिकून घेतलं, त्याचे नकाशे मी अजून आठवते. रामदास पाध्यांचे अर्धवटराव आपण सगळ्यांनी पाहिलेत. त्यात ओठ न हलवणं ही कला. इथे उलट, अ‍ॅम्नेशियाचे ओठ हलले तर बिघडत नाही. कुणाला फसवायचंच नाही. पण नजर! बाहुली बोलत असताना मी तिच्याकडे बघितलं तरच ती जिवंत. मी प्रेक्षकांकडे बघितलं की ते कापडाचं बोचकं.

तर खरी गोष्ट पुढेच आहे. दिग्दर्शक म्हणाले, तू शुद्ध अमेरिकन बोल, आणि बाहुलीला तुझा तो भारतीय हेल दे. मजा येईल. मी दिला. खोटं कशाला सांगू, मला काम हवं होतं. पहिल्या प्रयोगाला असा हशा, की मी पुढचं वाक्य थांबवून धरलं. दुसऱ्याला आणखी चढवला. मान हलवली, 'व्ही'चा 'डब्ल्यू' केला. तिसऱ्या प्रयोगानंतर बाहेर एक गुजराती बाई भेटली, सोबत दहा-बारा वर्षांची मुलगी. आई कौतुक करत होती. मुलगी म्हणाली, 'ती बाहुली आमच्या बांसारखी बोलते.' बा म्हणजे आजी. आणि हसली नाही.

त्या रात्री मी बाहुली पिशवीतून काढून टेबलावर ठेवली आणि तिच्याकडे बघत बसले. शब्द लेखकाचा, त्यात मला बदल करता येणार नव्हता, परवान्याची अट असते. हेल मात्र माझा होता.

चौथ्या प्रयोगाला मी उलटं केलं. बाहुली अस्सल न्यूजर्सीची, नाकातून बोलणारी. आणि अ‍ॅम्नेशिया बोलली माझ्या बोलीत, जशी मी आत्ता इंग्रजी बोलेन तशी, चढवून नाही, लपवून नाही. दिग्दर्शक विंगेत लाल झाले होते. या भूमिकेत प्रेक्षकांना प्रश्न विचारून बक्षिसं द्यायचा एक भाग आहे, तिथे थोडं मनचं बोलता येतं. एका गृहस्थांनीच मला विचारलं, 'सिस्टर, तुम्ही मूळच्या कुठल्या?' पाच वर्षं मला हा प्रश्न दुकानात, बँकेत, बसमध्ये विचारत होते. मी म्हटलं, 'बाबा रे, तेच तर मला आठवत नाहीये! तुला माहीत आहे का?' थिएटर कोसळलं. पण त्या हशात मी खाली नव्हते. पुढचे सगळे प्रयोग तसेच झाले. त्या संस्थेने मला पुन्हा बोलावलं नाही, हेही सांगितलं पाहिजे.

आणि शेवटच्या प्रयोगाला एक खऱ्या सिस्टर आल्या होत्या, ८० च्या पुढच्या, वॉकर घेऊन. मी घाबरले. त्या म्हणाल्या, फ्रीजरचा विनोद सगळ्यात खरा आहे. मला कळेना. मग त्यांनी सांगितलं, नंतर मी वाचलंही. १९६५ मध्ये अमेरिकेत सुमारे १ लाख ८० हजार नन होत्या. शाळा, इस्पितळं त्यांच्या जिवावर चालली, आणि बहुतेकींना पगार असा नव्हताच, नाममात्र रक्कम, तीही मठाकडे जमा. पेन्शन नाही. सरकारी सोशल सिक्युरिटीत शिरायची सोय त्यांच्या संघांना १९७२ मध्ये झाली. मग नव्या मुली यायच्या थांबल्या आणि म्हाताऱ्या उरल्या. शेवटी १९८८ पासून देशभरच्या कॅथलिक चर्चमधून दरवर्षी त्यांच्यासह सगळ्या वृद्ध धर्मसेवकांसाठी वर्गणी गोळा करू लागले. आज तिथे ४० हजारही नन नाहीत. म्हणजे नाटकातल्या पाचजणी पैशासाठी नाचत होत्या तेव्हा, तीन वर्षांच्या अंतराने, खऱ्या सिस्टरांसाठी डबा फिरायला लागलाच होता.

मी त्यांना विचारलं, राग नाही आला? त्या म्हणाल्या, '४० वर्षं तिसरीला शिकवलं. राग यायला वेळ कुठे होता? आता येतो कधी कधी, रात्री.' मग त्यांनी बाहुली मागितली. हातात घातली, अंगठा बरोबर खाली टाकला, कुणी न शिकवता. वर्गात मोज्याची बाहुली करून पाढे म्हणून घ्यायच्या म्हणे. बाहुलीच्या तोंडून त्यांनी मला विचारलं, 'आणि तुला इथे किती देतात गं?'

मी म्हटलं, काही नाही.

बाहुलीने तोंड उघडलं, आणि बराच वेळ तसंच उघडं ठेवलं.